सहाव्या पानावरचं हिरवं कलम

कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो नीट वाचायचा, असं तिनं आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलं आणि तिथंच माशी शिंकली.

तोवर सह्यांच्या बाबतीत तिचा इतिहास फारसा उज्ज्वल नव्हता. फुली दिसली की सही ठोकायची, हा तिचा बाणा. (बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याच्या फॉर्मवर तिनं ‘बाळाचे वडील’ या रकान्यात सही केली होती. नवऱ्यानं त्याचा फोटो जपून ठेवलाय. पाहुणे आले की काढतो.) पण आता प्रश्न चौदा महिन्यांच्या पिटुकलीचा होता. रविवारी तिची ऑफिसची रजा संपत होती, आणि सात महिने वाट पाहिल्यावर गल्लीच्या टोकाच्या पाळणाघरात एक जागा रिकामी झाली होती. सहा पानी करार ईमेलनं आला होता. गुरुवारी पाचच्या आत सही, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या बाळाला.

गुरुवारी सकाळी पिटुकली डब्यांची झाकणं आपटत बसली असताना तिनं लॅपटॉप उघडला. ऑफिसातल्या मैत्रिणीनं एक एक्स्टेंशन सुचवलं होतं. ब्राउझरमध्ये बसवायचं, करार उघडायचा, की ते एकेक कलम वाचून रंग देतं. धोक्याचं ते लाल, जपून वाचायचं ते पिवळं, बिनघोर ते हिरवं. त्याच्या खुणेवर चष्म्याचं चित्र होतं, म्हणून नवऱ्यानं लगेच त्याचं बारसं केलं: वकीलसाहेब.

तिनं कळ दाबली. वकीलसाहेबांनी क्षणभर विचार केला, आणि गोवर उठावा तसा करार लालेलाल झाला.

“अरे, इकडे ये आधी! हे बघ. ‘हरवलेल्या मोज्यांची जबाबदारी पाळणाघर घेणार नाही.’ धोका: नुकसानीला मर्यादा नाही!”

नवरा गालाला फेस फासलेल्या अवस्थेत डोकावला. “दोन पाय आहेत तिला. मर्यादा दोन.”

“थट्टा नको. आणि हे? ‘बाळाच्या सवयींत योग्य ते बदल केले जातील.’ योग्य म्हणजे कोणाच्या मते? बदलाची व्याप्ती स्पष्ट नाही, असं म्हणतंय.”

“माझे बूट चाटायची सवय जाणार का? जाणार असेल तर मीच करतो सही. वडिलांचा रकाना रिकामा ठेवला असशील तर.”

सासूबाई नातीच्या हातातलं झाकण सोडवण्याच्या खटपटीत होत्या. “काय गं, झालं काय?”

“आई, करारात सतरा धोके आहेत.”

“सतराच?” सासूबाई म्हणाल्या. “याच्या बाबांचे तर लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच एवढे निघाले होते. सही कर आणि मोकळी हो.”

पण मोकळं होणं हे तिच्या पत्रिकेतच नव्हतं. पिटुकली झोपेत हलली तर ही उठून बसायची, आणि हलली नाही तर उठून हलवून बघायची. अशा बाईच्या हाती धोके मोजणारं यंत्र म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तिनं सतराही लाल कलमं दोनदा वाचली. पिवळी एकदा वाचली. अख्ख्या करारात एकच कलम हिरवंगार होतं, सहाव्या पानाच्या तळाशी. हिरवं आहे तर त्यात वाचायचं काय, म्हणून ते तिनं सोडून दिलं. (दिवसभरात तेवढाच काय तो वेळ वाचवला.)

वकीलसाहेबांकडे ‘आक्षेपपत्र तयार करा’ अशीही एक कळ होती. तिनं तीही दाबली. पत्र असं काही खणखणीत निघालं, की ‘सदर मोज्यांच्या संदर्भात आमचे सर्व हक्क अबाधित राहतील’ हे वाक्य वाचताना तिची मान आपोआप ताठ झाली. मग हात चाललाच आहे तर, म्हणून तिनं स्वतःच्या बुद्धीनं चार पानांचा एक कागद जोडला: ‘पिटुकलीला सांभाळताना: काही किरकोळ सूचना’.

साडेअकराला सगळं पाठवलं.

बारा वाजले, उत्तर नाही. एक वाजला, नाही. दोनपर्यंत मानेचा ताठा पार उतरला होता. सोमवारी हजर नाही झालं तर ऑफिसातले साहेब तिची खुर्ची दुसऱ्याला देणार. पाळणाघर गेलं तर मुलीला ठेवायचं कुठं? सासूबाई परवा आपल्या गावी परतणार होत्या, आणि पिटुकलीच्या मागं धावून त्यांचे गुडघे केव्हाच शरण आले होते. कोणत्या मुहूर्तावर अक्कल सुचली आणि वाचायला बसले!

तीन वाजता फोन वाजला. पाळणाघराच्या मोठ्या ताई.

“पत्र मिळालं तुमचं. जरा येऊन जाता?”

“का हो? काही अडचण आहे का?”

“या तर खऱ्या.”

पाळणाघराच्या ऑफिसच्या दाराबाहेर बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर गुबगुबीत बाळ, हातात टोपण काढलेलं पेन. यादीतला पुढचा नंबर! आत बसायला मुलांची बुटकी खुर्ची मिळाली. गुडघे हनुवटीला टेकवून, जमेल तेवढ्या रुबाबात ती बसली.

मोठ्या ताईंनी आपला कॉम्प्युटर तिच्याकडे फिरवला. कोपऱ्यात तोच चष्मा!

“म्हटलं, तुम्ही आमचा करार तपासलात,” ताई म्हणाल्या, “तर आपणही तुमच्या सूचना तपासाव्यात. एकेचाळीस लाल. पिवळं एकही नाही.”

“पण त्या किरकोळ...”

“वाचू? ‘दर वीस मिनिटांनी फोटो पाठवावा, फोटोत बाळ समाधानी दिसावं.’ धोका: निकालाची हमी मागितली आहे. ‘बाळ हसल्यास का हसलं ते लिहून ठेवावं.’ धोका: पूर्तता अशक्य. ‘झोपवताना आईच्या आवाजात गुणगुणावं, पण आईची आठवण येईल इतकं नाही.’” ताईंनी आपल्या चष्म्यावरून पाहिलं. “इथं हा तपासनीस नुसता लाल नाही झाला बाई, दोन मिनिटं बंदच पडला. आणि शेवटी हे बघा. सल्ला: कोणत्याही परिस्थितीत सही करू नये.”

बाहेर बाकावरून पेनाची टकटक ऐकू आली.

“ताई,” ती म्हणाली, “कुठं सही करू?”

“आक्षेपांचं काय?”

“कसले आक्षेप? तिला मोजे मुळी आवडतच नाहीत.”

फुली दिसेल तिथं ती सही ठोकत सुटली. सहाव्या पानावर ताईंनी कागदावर बोट ठेवलं. “हे तेवढं वाचून घ्या.”

“ते हिरवं होतं!” ती घाईनं म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

“हो,” ताई शांतपणे म्हणाल्या, “ते हिरवंच दिसतं सगळ्यांना.”

सोमवारी निरोपाच्या प्रसंगाची तिनं जय्यत तयारी केली होती: पर्समध्ये तीन रुमाल, डोक्यात समजुतीची सहा वाक्यं. पिटुकलीनं तिच्या कडेवरूनच रंगीत ठोकळ्यांचा ढीग पाहिला, खाली उडी घेतली आणि दुडुदुडु चालती झाली. मागं वळूनही पाहिलं नाही. सहाही वाक्यं डोक्यातच राहिली.

ऑफिसला वीस मिनिटं होती. जाता जाता फक्त एकदा डोकावू, म्हणून ती बागेच्या बाजूच्या खिडकीपाशी गेली. मग नीट दिसेना म्हणून उलट्या बादलीवर चढली. मग नाक काचेला लावलं.

“सहावं पान,” मागून मोठ्या ताईंचा आवाज आला. “‘निरोप दिल्यावर पालकांनी दारं, खिडक्या, झाडं यांच्या आड रेंगाळू नये. आढळल्यास येत्या शनिवारी खेळणी धुवावीत.’ उतरा सावकाश, बादली डुगडुगते.”

शनिवारी ती बाह्या सरसावून, साबणाच्या पाण्यात हात घालून बसली. शेजारी नवरा रबरी हत्ती घासत होता. (त्याला मंगळवारी मागच्या खिडकीशी पकडलं होतं. सही तिची एकटीची होती, पण कलमात ‘पालकांनी’ असं लिहिलं होतं.) समोर पाण्यात एकशेबारा ठोकळे तरंगत होते.

मोठ्या ताई धुतलेली खेळणी मोजायला आल्या, तेव्हा आठवडाभर ओठांवर असलेला प्रश्न तिला आवरला नाही.

“ताई, खरं सांगा हं. पिटुकली फार रडली का हो?”

“छे हो! गुणी आहे पोर. आठवड्यात एकदाच काय ती रडली.”

तिचा ऊर भरून आला. शेवटी आई ती आई. “कधी?”

“सोमवारी,” ताई म्हणाल्या. “तुम्ही खिडकीत दिसलात ना, तेव्हा. घरी न्यायला आलात असं वाटलं तिला.”