श्यामकांतांनी गुरुजींचा आवाज वाढवला

"लॅपटॉपला स्वतःचे स्पीकर आहेत की नाहीत? आहेत! एक नाही, चांगले दोन आहेत! मग वर हा डबा आणखी कशाला?" श्यामकांतांनी ठणकावलं आणि मुलाने, केयूरने, पुढे केलेला ब्लूटूथ स्पीकर परत त्याच्याच हातात कोंबला. "विकत घेतलेल्या वस्तूने आपलं काम केलंच पाहिजे! उद्या बघच, गुरुजींचा आवाज लिफ्टपर्यंत घुमतो की नाही ते!"

श्यामकांत हे फोर्ट विल्यमच्या ऑफिसातून रिटायर झालेले गृहस्थ. बदलीवर कोलकात्याला आले आणि केयूरला न्यू टाउनमध्ये नोकरी लागल्यावर इथलेच होऊन बसले. आता न्यू टाउनातच नवा फ्लॅट झाला होता आणि उद्या त्यातला पहिला सत्यनारायण होता. पूजा सांगणारे कोलकात्यात काय कमी आहेत? पण बायकोने, प्रेमलताबाईंनी, एकच हट्ट धरलेला. पूजा सांगतील तर आमच्या साताऱ्याचे अरुणगुरुजीच! ह्या दोघांचं लग्न त्यांनीच लावलेलं. गुरुजी आता फार थकले होते, पूजा सांगणं सोडून दिलं होतं. "प्रेमासाठी ही एवढी शेवटची सांगतो," असं ते म्हणाले, तेव्हा बाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. इतक्या लांब ते येणार कुठले? म्हणून मग व्हिडिओ कॉल.

तर त्याच संध्याकाळी तालीम झाली. पडद्यावर गुरुजी प्रकट झाले. गंध, शेंडी, खांद्यावरचं उपरणं, सगळं स्वच्छ दिसत होतं. ओठही हलत होते. आवाज मात्र असा, की विहिरीच्या तळाशी बसून कुणी तरी पुटपुटतंय!

"अहो, गुरुजींना सांगा ना, ऐकू येत नाही म्हणून," प्रेमलताबाई हळूच म्हणाल्या.

"काहीतरीच काय! ह्या वयात तो माणूस आपल्यासाठी बसलाय आणि त्याला म्हणू, ओरडा? दोष यंत्राचा आहे, यंत्राचा!" मग पडद्याकडे वळून श्यामकांतांनी जी आरोळी ठोकली! "हो, गुरुजी! उत्तम येतंय ऐकू! अगदी उत्तम!"

कॉल संपला आणि दुरुस्ती सुरू झाली. श्यामकांतांनी लॅपटॉप उलटा केला आणि त्यांचा संताप अनावर झाला. स्पीकरची भोकं पोटाखाली!

"बघ! बघ हा गाढवपणा! स्पीकरचं तोंड टेबलाकडे! ऐकायचं कुणी? माणसांनी की टेबलाने?"

"बाबा, सगळ्यांचं तसंच असतं. सेटिंगमध्ये लाउडनेस वाढवून देतो, थांबा," केयूर म्हणाला.

"सगळे चुकतात म्हणून आपणही चुकायचं? वा रे वा!"

केयूरने सेटिंग बदललं. आवाज वाढवणारं एक सॉफ्टवेअर घातलं. श्यामकांतांनी त्यातला दांडा शेवटच्या टोकापर्यंत सरकवला आणि एक भावगीत लावून पाहिलं. दुसऱ्या ओळीला शेजारचे दत्तबाबू लुंगी सावरत दारात हजर! "की होलो, दादा? की होलो?" त्यांना वाटलं घरात भांडण पेटलं.

"काही नाही, काही नाही! उद्या पूजेला या!" श्यामकांत विजयी मुद्रेने म्हणाले.

सकाळी चौरंग मांडला, केळीचे खुंट बांधले, दत्तबाबू सपत्नीक येऊन बसले. कॉल लागला. गुरुजी दिसले. ओठ हलले. आणि आवाज? तोच! विहिरीच्या तळाचा! तेवढ्यात एक मेल आली, तर तिची टिंग अशी कडाडली की दत्तवहिनी जागच्या जागी उडाल्या.

"म्हणजे गाण्याला आवाज आहे, मेलला आवाज आहे, आणि गुरुजी बोलले की ह्याची दातखीळ बसते!" श्यामकांत खवळले. "पूजेचं वावडं आहे ह्या कंपनीला! केस करीन मी, केस!"

"अजूनही सांगते, गुरुजींनाच..."

"तू गप्प बस! पितळेची मोठी परात आण!"

युक्ती साधी होती. स्पीकर खाली आहेत ना? मग खाली पितळ ठेवा, आवाज आपोआप घुमेल! जागा करायला ताम्हन बाजूला सरकवलं, सोवळ्यातल्या श्यामकांतांच्या पुढ्यात परात आली आणि परातीत लॅपटॉप विराजमान झाला. खरंच फरक पडला. पुटपुटणं होतं, ते कुजबुजीपर्यंत आलं.

"आर एकटू जोरे, दादा!" आणखी जोरात म्हणून दत्तबाबूंनी मागून प्रोत्साहन दिलं.

पूजा सुरू झाली. श्यामकांत कान पडद्याला लावून एकेक शब्द टिपत होते आणि गुरुजींच्या मागोमाग खच्चून ओरडत होते. "केशवाय नमः! नारायणाय नमः! माधवाय नमः!" तीनदा पाणी प्यायले. "गोविंदाय नमः!" आता पाणी सोडायचं. ताम्हनात सोडायचं, हे का त्यांना ठाऊक नव्हतं? पण चित्त सगळं कानात, आणि पुढ्यात पितळेचं गोल भांडं! जन्मभराच्या सवयीने हाताने आपलं काम चोख केलं. पाणी परातीत. पुन्हा आचमन, पुन्हा परातीत. मग संकल्प आला. "उदक सोडा," गुरुजी कुजबुजले, आणि श्यामकांतांनी मोठ्या भक्तिभावाने ओंजळभर उदक सोडलं.

गुरुजी गुळण्या करू लागले.

"अहो, हे काय! भर पूजेत गुळण्या?" श्यामकांत दचकले.

"बाबा! परात! परात!" केयूर किंचाळला.

लॅपटॉपने गळा काढला. काय तो आवाज! लिफ्टच काय, सातव्या मजल्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायला लागली. मग पडदा काळा झाला आणि गुरुजी अंतर्धान पावले.

"ह्याला म्हणतात बनावट!" श्यामकांत लॅपटॉप तिरका धरून गरजले. त्यातून पाणी निथळत होतं. "थोडं पाणी सोसवत नाही? साधं उदक?"

मग त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. गुरुजींच्या शेवटच्या पूजेचं असं वाटोळं झालेलं बघून त्यांचे डोळे भरून आले होते. श्यामकांतांनी लॅपटॉप हळूच खाली ठेवला. बाई उठल्या, नवऱ्याला वळसा घालून आपला मोबाइल घेतला आणि सरळ साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. गुरुजींची नातसून प्राजक्ता हिने तो आपल्या मोबाइलवर घेतला.

"प्राजक्ता, गुरुजींचा आवाज अजिबात येत नाही गं. काल संध्याकाळपासून येत नाहीये!"

"अय्या, मावशी! मग कालच नाही का सांगायचं? सोवळ्यात मोबाइलला हात लागायला नको, म्हणून आजोबांनी त्यांचा मोबाइल धुतलेल्या पंच्यात गुंडाळून घेतलाय! कॅमेऱ्यापुरताच उघडा आहे. थांबा, सोडते आणि त्यावरूनच लावते."

पंचा सुटला, पुन्हा कॉल लागला. "प्रेमा!" गुरुजींचा खणखणीत आवाज त्या एवढ्याशा मोबाइलमधून घरभर घुमला. "येतंय का ऐकू, बाळ?"

"येतंय, गुरुजी! अगदी लग्नात येत होतं तसं!" बाई रडता रडता हसल्या.

श्यामकांतांना असा राग आला, असा राग आला! पण काढायचा कुणावर? कंपनीवर? पंच्यावर? प्रत्यक्ष गुरुजींवर? ते तोंड उघडणार, तोच पलीकडून गुरुजी म्हणाले, "आणि प्रेमा, यजमानांना जरा हळू बोलायला सांग हो. कालपासून कान बसलेत माझे! पंचा आणखी एक वेढा घट्ट केला, तरी भागेना."

बाकीची सगळी पूजा श्यामकांतांनी खुणांनी केली.