तीन बांध्यांची मसूर

"वाढणं बंद करा! हे वरण कोणाच्या शेतातलं हाय?"

आसगावच्या लग्नाच्या पंगतीत शालिकभाऊ ताडकन उठले. वरणात पाल पडली समजून वाढप्याने बादली टाकली आणि नवरदेवाचे मामा पळत सुटले ते वैनगंगेपर्यंत. शालिकभाऊंनी बोटभर वरण पुन्हा चाटलं, डोळे मिटले. "मसूर हाय. तलावाखालच्या चिकट मातीतली. दाणा भरताना पाणी जास्त झालं."

आचारी म्हणाला, "बाजारातली हाय ना जी."

"मंग बाजाराले विचार, तलाव कोणता!"

दिघोरीत शालिकभाऊंचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. एकदा मी मुद्दाम दोन गावांची मसूर मिसळून त्यांना खाऊ घातली, तर जेवता जेवता त्यांनी शिवेचा दगड कुठे आहे ते सांगितलं. तलाठ्याला आठ दिवस लागले असते. पालुपद एकच: "बीज कोणतंबी असन, अन्न मातीचं."

हे खूळ लागलं गेल्या पावसाळ्यात. त्यांच्या बायकोच्या, कौसल्यावहिनींच्या, अंगात रक्त फार कमी निघालं. चार पावलं चालल्या की बसायच्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर मसूर खा म्हणाले. वहिनी गोळ्या घेऊ लागल्या, पण शालिकभाऊ अडले. "कोणत्या बांधीची मसूर, हे सांगाले नोको का?"

धान निघाल्यावर त्यांनी एकच बी तीन बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यांत, टाकलं: तलावाजवळ, मधे आणि वरच्या मुरमाड तुकड्यात. तलावाजवळचा दाणा वाटाण्याला लाजवील असा. वरचा, पाण्यावाचून उन्हात वाळलेला, मोहरीएवढा. तीन पुड्या नागपूरला तपासणीला गेल्या. कागद आला, तो त्यांनी न उघडता माझ्या हातात दिला.

"वरच्या तुकड्यात लोह सगळ्यांत जास्त."

"पुन्हा वाचा गुरुजी."

तीनदा वाचलं.

त्या तुकड्यात पिकली होती जेमतेम दोन डबे. डब्यांना कुलूप लागलं. चुलीवर वरणाची दोन भांडी आली, एक वहिनींचं, एक बाकी जगाचं. मी अर्थातच जगात.

परवा शालिकभाऊ पवनीला गेले होते. मी वहिनींना हळूच विचारलं, "खरं सांगा, त्या मसुरीची चव वेगळी लागते?"

"मले मसूर आवडतच नाही, भाऊजी. लहानपणापासून."

"मग रोज दोन वाट्या कशा जातात?"

वहिनी तांदूळ निवडत राहिल्या.

"जेवण होतपर्यंत ते समोर बसून राहतेत."