मयत खात्याचे आबा

आमच्या बँकेत खातं उघडायला आलेल्या माणसाला आबा पहिला प्रश्न विचारत, "तुम्ही गेल्यावर कोण येणार?"

माणूस बिचारा कापूस विकून आलेला असे. धोतराच्या सोग्यात चार रुपये बांधलेले, कपाळाला गंध, घरातून मुहूर्त बघून निघालेला. तो गोंधळून म्हणे, "गेल्यावर म्हंजे? मी आठेच बठेल शे ना!" आबा चष्मा कपाळावर चढवत आणि मायेनं म्हणत, "आते बठेल शे, भाऊ. मी नंतरनं इचारी ऱ्हायनू."

अर्धी गिऱ्हाईकं तिथूनच उठून जात. काही जाताना राम राम म्हणत, काही पायरीवर थुंकत. मॅनेजरसाहेब आतून ओरडत, "आबा, तुम्ही बँक चालवताय की स्मशान?" आबा त्यावर कधी रागावले नाहीत. ते शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणत, "बसा. आता मरणाचं बोलू."

ही जळगावातली, दुसरी लढाई पेटायच्या आधीची गोष्ट. आमची बँक म्हणजे बाजाराच्या तोंडाशी असलेल्या तीन खोल्या, चार टेबलं आणि एक लोखंडी तिजोरी. मी तिथं कारकून होतो. आबा हेडक्लार्क, आणि त्यांच्याकडे मयत खाती. म्हणजे खातेदार वारला की त्याच्या वारसांचा अर्ज घ्यायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या, ओळख पटवायची आणि रक्कम वारसाच्या हाती पडेपर्यंत पाठपुरावा करायचा. पंचवीस वर्षं हेच काम केल्यामुळे सगळं गाव त्यांना 'मयत खात्याचे आबा' म्हणे. एकानं तर मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर तसंच लिहून पाठवलं. घरच्या बायकांनी ती पत्रिका बघून कपाळाला हात लावला असेल, पण आबा लग्नाला गेले आणि दोन वेळा जिलबी मागून घेऊन जेवले.

कुणी आजारी पडलं आणि आबा भेटायला गेले की त्या घरातले लोक हबकत. आबा उशाशी बसून कपाळाला हात लावत, औषधाची चौकशी करत आणि उठता उठता हळूच विचारत, "पासबुक कुठं असतं?" यातले बरेच आजारी पुढं खडखडीत बरे झाले. माझ्या मते केवळ हट्टानं.

पण माणूस दुष्ट नव्हता. त्यांना एकच काळजी खात असे, ती म्हणजे नावाची.

आमच्या साहेबांचा नियम होता. मयताच्या बायकोनं साहेबांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं नवऱ्याचं नाव सांगायचं, मगच रक्कम द्यायची. लिहून आणलेलं चालत नसे. भावानं सांगितलेलं चालत नसे. खोट्या बायका उभ्या करून लोक पैसे उचलतात, म्हणून हा नियम. आता आमच्या मुलखात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे साहेबांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्याही घरी बायको होती. पण ते म्हणत, "नियम नियम आहे."

नियमाची गंमत अशी की त्यात खोटी बाई सुटे आणि खरी अडके. नरडाण्याकडचा एक जण चुलत्याचे पैसे काढायला 'काकू' घेऊन आला. साहेबांनी नाव विचारताच काकूंनी चुलत्याचं, त्याच्या बापाचं आणि गावाचं नाव एका दमात सांगून टाकलं. साहेब खूश. आबांनी मात्र खातेवही फटकन मिटली आणि म्हणाले, "हाई त्यानी बायको नही!" साहेबांनी विचारलं, कशावरून? आबा म्हणाले, "साहेब, खरी बायको असती तर आतापर्यंत पदर तोंडात गेला असता." चौकशी केली तेव्हा ती बाई त्या पुतण्याचीच सासू निघाली.

आणि खरी बायको कशी असते, तेही मी बघितलं. असोद्याची एक म्हातारी होती. नवरा केळीच्या बागेत काम करी, त्यानं रुपया रुपया साठवलेला. ती तीनदा आली. तीनदा साहेबांनी विचारलं, "मयताचं नाव?" आणि तीनदा ती जमिनीकडे बघत उभी राहून परत गेली. चौथ्या खेपेला आबांनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "माय, लग्नात उखाण्यात नाव घेतलं होतंस ना? तेवढंच म्हण. लग्नातलंच म्हण."

म्हातारीनं डोळे मिटले आणि एवढ्याशा आवाजात म्हणाली, "असोद्याच्या केळीला पाण्याचा पाट, हिरामणरावांची बघते मी वाट."

साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. "वाट बघते म्हणजे? अर्जात तर मयत लिहिलंय!"

"साहेब," आबा म्हणाले, "हिरामण एवढं लिहा. बाकीचं बँकेला लागत नाही."

त्या दिवसापासून आबांनी रविवारची शिकवणी काढली. खातेदार जिवंत आहे तोवरच त्याच्या बायकोची जीभ सोडवून ठेवायची, असा त्यांचा बेत. रविवारी जेवण झालं की काळी टोपी घालून ते निघत. खातेदाराच्या ओसरीवर बसून स्वतः मॅनेजर होत. नवऱ्याला म्हणत, "तुम्ही मेलात. तिकडे कोपऱ्यात बसा." मग बाईला विचारत, "मयताचं नाव?" पेठेतल्या बायका आबांची टोपी दिसली की मागच्या दारानं नदीवर जात. धुणं नसलं तरी जात.

माझ्याही घरी आले. माझं नाव गुलाब. बायको नाव तर घेत नसेच, पण त्या नावासारखा शब्दही तोंडातून काढत नसे. गुलाबी रंगाला ती 'फिकट तांबडा' म्हणे, त्यापायी कापडवाल्यानं तिला दिवाळीला विटकरी लुगडं दिलं होतं आणि त्याचा राग ती माझ्यावर काढत होती. आबांनी मला मारून कोपऱ्यात बसवलं आणि तिला समजावलं, की तुझ्या दोन लेकरांच्या तोंडचा घास या एका शब्दावर अडकेल. तिनं आधी दोन्ही लेकरांकडे बघितलं. मग एकदम इतक्या मोठ्यानं "गुलाब!" म्हणाली की शेजारचे काका काठी घेऊन आले. आबांनी वहीत 'पास' लिहिलं. पुढं ही विद्या तिनं माझ्यावरच वापरली. तिनं मला नावानं हाक मारली की मी समजून जातो, घरात काहीतरी बिनसलंय.

तीन-चार वर्षांत आबांनी निम्मी पेठ पास केली. एकच बाई काही केल्या पास होईना, ती म्हणजे त्यांची स्वतःची बायको.

तिला आम्ही अक्का म्हणत असू. शिंदखेड्याकडची, बोलायला फटकळ. घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे 'अमक्याचा बाप' म्हणायचीही सोय नव्हती. अक्का नवऱ्याला 'बँकेतले' म्हणत. "बँकेतले जेवायला बसलेत." "बँकेतल्यांचं पोट बिघडलंय." दर रविवारी बाहेरच्या शिकवण्या आटोपल्या की आबा घरी येऊन अक्कांची शिकवणी घेत. एकदा मी होतो तिथं. आबा पाटावर, समोर अक्का सुपात तांदूळ निवडत बसलेल्या.

"मयताचं नाव?" आबांनी विचारलं.

"चहा लेतस का?"

"मी मेलोय."

"मंग ऱ्हाऊ द्या. मरेल माणूस चहा पेस का?"

"आण. पण आधी नाव."

"माले जमस नही."

"अगं, मी गेल्यावर साहेब तुला एक पै देणार नाही. मग काय खाशील? भावाच्या दारी जाशील? एकदा म्हण, मी सुटलो."

अक्कांनी सूप खाली ठेवलं. त्यांचा आवाज बदलला. "नवराचं नाव लिधं ते त्यानं आयुष्य कमी व्हस. तुम्ही बठ्ठी पेठ मारीसन उनात, आते माले सांगतस? माले पैसा नही पाहिजे. तुम्ही ऱ्हावा."

आबांनी वहीत 'नापास' लिहिलं. मग चहा प्याले. मला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "गुलाबराव, ही बाई उपाशी मरणार." मला ते अगदी पटलं. घरी जाऊन मी बायकोला तसं सांगितलंही.

ही शिकवणी पुढं सात-आठ वर्षं चालली. अक्का दर रविवारी नापास.

मग एका थंडीत आबांना ताप आला आणि पाचव्या दिवशी ते गेले. आजारपणात मी रोज जात होतो. पासबुक कुठं आहे हे विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण आबांनी स्वतःच सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी अक्कांकडे बघून "मयताचं नाव?" असंही विचारून पाहिलं. अक्का उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दिवस झाले, महिना उलटला. मयत खात्यांचं टेबल साहेबांनी माझ्याकडे दिलं होतं. एके दिवशी दुपारी भावाला बरोबर घेऊन अक्का बँकेत आल्या. कपाळ मोकळं, पदर घट्ट ओढलेला. त्यांना मी बसायला सांगितलं, पण त्या टेबलाशीच उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. साहेब समोरच बसलेले आणि नियम तोच होता. आता ही बाई नाव सांगू शकली नाही तर मी काय करणार? परत पाठवणार? आबांच्या बायकोला?

मी आबांची खातेवही काढली. स्टाफची खाती आबा स्वतः सांभाळत, म्हणून त्यांचं पान मी कधी उघडलं नव्हतं. उघडलं आणि पहिल्याच ओळीशी थांबलो. खातं दोघांच्या नावावर होतं. खाली आबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'दोघांपैकी कोणासही, अथवा मागे राहील त्यास द्यावे.' तारीख खातं उघडलं त्या दिवसाची, म्हणजे शिकवण्या सुरू होण्याच्याही कितीतरी आधीची.

अशा खात्यात वारसाचा अर्ज लागत नाही. पंच लागत नाहीत. नावही सांगावं लागत नाही. मागे राहिलेल्यानं अंगठा करायचा आणि पैसे न्यायचे. आमच्या बँकेत अशी खाती दोन-तीनच होती, कारण आपण जिवंत असताना बायकोनं पैसे काढावेत हे नवऱ्यांना सोसत नसे. आबांनी मात्र हे पहिल्या दिवशीच करून ठेवलं होतं. अक्का एक दिवसही उपाशी राहणार नव्हत्या, आणि हे आबांना पक्कं माहीत होतं.

मला आधी आबांचा रागच आला. इतकी वर्षं दर रविवारी त्या माउलीला धाकात ठेवलं, ते कशासाठी? मग कळलं. आईबाप कधीच गेलेले. मोठं भावंड नाही. गावाला ते आबा, बँकेला हेडक्लार्क, घरात 'बँकेतले'. त्या माणसाला नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं. त्याला ते एकदा ऐकायचं होतं, आणि तसं सरळ सांगायची लाज वाटत होती.

"गुलाबभाऊ, इचारा," अक्का म्हणाल्या. "मी तयारी करीसन उनू. रातभर म्हणी ऱ्हायनू."

साहेबांनी उठून माझ्यामागे येऊन खांद्यावरून खातेवहीत बघितलं. ती ओळ त्यांनी वाचली. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते नियमाचं काही बोलले नाहीत.

'अक्का, काही विचारायचं नाही, अंगठा करा' असं मी म्हणायला हवं होतं. मी दौत उगाच इकडची तिकडे केली आणि विचारलं, "मयताचं नाव?"

अक्कांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"लोटन," त्या म्हणाल्या. थांबल्या. श्वास घेतला. "लोटन त्र्यंबक महाजन."

अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान वर होती. त्यांनी मला विचारलं, "ऐकू उनं ना?"

"नाही आलं, अक्का," मी म्हणालो. "पुन्हा एकदा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, या खेपेला जरा मोठ्यानं.