वाजवून घेतलेला कंट्रोलर

बुलढाण्यात उन्हाळा लागला की रमाकांतरावांचा भाव वधारतो. एरवी त्यांना कॉलनीत कोणी फारसं विचारत नाही (घरात तर उन्हाळ्यातही नाही), पण माठ घ्यायची वेळ आली की अर्ध्या कॉलनीच्या बायका त्यांनाच पुढे घालून कुंभाराकडे जातात. रमाकांतराव उकिडवे बसतात, माठ कानाशी धरतात, बोटाच्या पेराने टकटक करतात आणि डोळे मिटून निकाल देतात. हा घ्या, तो ठेवा. त्यांनी निवडलेला माठ कधी तडकला नाही, की त्यातलं पाणी कोमट राहिलं नाही. टरबुजाचंही तेच. सरकारी कचेरीत इतकी वर्षं कारकुनी करून जे नाव झालं नाही ते या टकटकीने करून दिलं होतं, आणि रमाकांतराव ते जिवापाड जपत होते.

ही विद्या त्यांना सासऱ्यांकडून मिळाली होती. सासरे पुंजाजी देऊळघाटचे. नारळापासून खाटेपर्यंत काहीही ठोकून वाजवून घेणारा माणूस. प्रेमलाबाईंसाठी स्थळ बघायला आले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. चहा झाला, उठता उठता त्यांनी रमाकांतच्या पाठीवर सणसणीत थाप मारली, क्षणभर कान दिला आणि म्हणाले, "पोरगा पसंत हाये." ही गोष्ट रमाकांतराव अजूनही येईल त्या पाहुण्याला सांगतात. आपण उगीच पसंत पडलेलो नाही, परीक्षा देऊन पास झालेलो आहोत, असं त्यांचं म्हणणं आहे.

तर अशा माणसाला त्याच्या मुलीने पॅड कंट्रोलर आणायला सांगितला. तेही थंडीत, म्हणजे रमाकांतरावांची बोटं पारखायला काही नाही म्हणून शिवशिवत असताना.

स्वरदा अकरावीत होती आणि टॅबवर गाणी तयार करण्याचा तिला नाद होता. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिचा एकटीचा आयटम ठरला होता. अडचण एवढीच होती की टॅबच्या काचेवर बोट हळू मारलं काय किंवा जोरात मारलं काय, ढोलकी आपली एकाच आवाजात वाजायची. गॅदरिंगच्या सरांनी तालमीत ते ऐकलं आणि सांगून टाकलं, "हे मेलेलं वाटून राह्यलं. याच्यात जीव आण, नाहीतर मी आयटम कापतो." स्वरदा दोन दिवस नीट जेवली नव्हती.

"पप्पा, खामगावच्या दुकानात भेटते," ती म्हणाली. "सोळा रबरी चौकटीवालं आणजा. हळू मारलं तर हळू अन् जोरात मारलं तर जोरात, असं समजणारं. अन् टॅबच्या चार्जिंगवरच चाललं पायजे."

"आवाज कसा असते त्याचा?"

"त्याले आवाजच नसते. ते फक्त टॅबले सांगते, इथं मारलं, इतक्या जोरात मारलं. आवाज टॅबमधून निघते."

रमाकांतरावांनी मुलीकडे मोठ्या मायेने पाहिलं. पोरगी हुशार, पण अजून लहान. "वाजवाची वस्तू अन् आवाज नाही? मंग पारखाची कशी?"

"पारखू नका ना पप्पा. फक्त सीलबंद डबा आणा."

"ऑनलाइन काऊन नाही मागवत?" प्रेमलाबाई शिलाई मशीनवरून म्हणाल्या.

"गॅदरिंग झाल्यावर येईल ते, आई."

"अन् येईल तेव्हा कसं येईल?" रमाकांतरावांनी विषय हातात घेतला. "हात न लावता घेतलेल्या वस्तूचा काही भरवसा असते का? तू काही काळजी करू नको बाई. वाजवाच्या वस्तूत मले कोणी फसवू शकत नाही."

(हे शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं ठरलं. त्यांना कोणीही फसवलं नाही.)

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी रमाकांतराव सुट्टी टाकून बोथ्याच्या घाटातून खामगावला पोहोचले. दुकानाचे मालक हरिओमशेठ हार्मोनियमपासून गिटारपर्यंत सगळं विकत. काचेच्या शोकेसमध्ये तऱ्हेतऱ्हेचे कंट्रोलर मांडले होते. आणि इथे एक गोष्ट रमाकांतरावांच्या बाजूने सांगायलाच हवी, की मॉडेल त्यांनी अगदी बिनचूक निवडलं. पेटीसारख्या पट्ट्या असलेला त्यांनी नाकारला, कारण स्वरदाला ताल वाजवायचा होता. आठ चौकटींचा लहान पडेल म्हणून बाजूला ठेवला. वेगळा अडॅप्टर लागणारा तर हातातही घेतला नाही. राहिला तो सोळा पॅडचा, टॅबच्या वायरीवर चालणारा, चपटा काळा. हरिओमशेठने तसा सीलबंद डबा आणून काउंटरवर ठेवला.

"खोला," रमाकांतराव म्हणाले.

हरिओमशेठने सील तोडलं. रमाकांतरावांनी कंट्रोलर उचलला, कानाशी धरला आणि पेराने टकटक केली. आवाज आला तो असा, की जणू भिजल्या उशीवर मारलं. रमाकांतरावांचा चेहरा पडला. त्यांनी शोकेसमधला तसाच कंट्रोलर मागून घेतला आणि त्यावर टकटक केली. तो असा घुमला की शेजारच्या गिटारच्या तारा शहारल्या.

"हा द्या," रमाकांतराव म्हणाले.

"तो शोकेसमधला राहू द्या साहेब. तो फक्त दाखवाले ठेवेल हाये. तुमचा हा नवा घ्या."

रमाकांतराव मनातल्या मनात हसले. प्रत्येक कुंभार हेच म्हणतो. चांगला माठ मागे ठेवतो, 'तो राहू द्या' म्हणतो आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात दुसरा मारतो. अशा माणसाशी वाद घालायचा नसतो. तेवढ्यात एक भजनी मंडळ हार्मोनियम दुरुस्तीला घेऊन आलं आणि हरिओमशेठ त्यांच्याकडे वळले. ते भात्याची चीर बघत असताना रमाकांतरावांनी डब्यातला कंट्रोलर शोकेसमध्ये ठेवला आणि शोकेसमधला डब्यात घातला. दोन्ही एकाच किमतीचे, म्हणजे यात चोरी कुठेच नव्हती, होती ती फक्त पारख. पैसे चुकते करून ते बाहेर पडले. डबा मघापेक्षा हलका लागला, पण हल्ली मोबाइलसुद्धा हलकेच होत चाललेत. घाटातल्या वळणांवर सगळी गाडी झोपली होती, रमाकांतराव एकटे डबा मांडीवर घेऊन हसत होते.

घरी पुंजाजीही आले होते, खास नातीचा कार्यक्रम बघायला. सगळ्यांच्या साक्षीने स्वरदाने वायर जोडली आणि पॅडवर बोट मारलं. टॅब गप्प. दुसऱ्या पॅडवर मारलं. टॅब गप्प.

"टॅब जुना झाला तुझा," रमाकांतराव म्हणाले.

"टॅब चांगला हाये."

"मंग वायर उलटी लावली असन."

"वायर उलटी लागतच नाही, पप्पा."

"नव्या वस्तूले रुळाले टाइम लागते. तू आधी आवाज तर ऐक." आणि त्यांनी अभिमानाने टकटक करून दाखवली. घरभर आवाज घुमला.

"हा आवाज बाहेरून येऊन राह्यला," स्वरदा म्हणाली. "याचे लाइटपण लागत नाहीत." तिने नखाने एक लाइट खरवडला. तो निघून तिच्या नखाला चिकटला. स्टिकर होता.

प्रेमलाबाई उठल्या. मशीनच्या खणातून त्यांनी पेचकस काढला, कंट्रोलर उपडा केला आणि मागचे पेच काढले. झाकण उचललं, आत हात घातला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चाचपलं. हात बाहेर आला तेव्हा बोटांना फक्त धूळ होती.

"डबा सीलबंद होता ना?" त्यांनी विचारलं.

"होता."

"मंग सील कोणं तोडलं?"

"दुकानदारानं."

"काऊन?"

"मी म्हटलं म्हणून."

"अन् हे खोकं डब्यात कोणं टाकलं?"

रमाकांतरावांनी छताकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी भजनी मंडळासकट सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यानं चांगलं देलं," प्रेमलाबाई म्हणाल्या, "अन् तुम्ही ते वापस ठेवून आले."

"त्याचा आवाज दबका होता," रमाकांतराव म्हणाले. पण म्हणताना त्यांचाच आवाज दबका झाला. स्वरदा भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. दुकानाचा फोन कोणी उचलत नव्हतं. दुकान सकाळी दहाला उघडणार होतं आणि दहालाच गॅदरिंग सुरू होणार होतं. रमाकांतरावांना आयुष्यात प्रथमच वाटलं, की कॉलनीने माठ कोणाकडूनही निवडून घ्यावेत, आपल्याला काही नको, फक्त या पोरीचा आयटम होऊ दे.

पुंजाजी मात्र दिवाणावर शांत होते. त्यांनी खोक्याचं झाकण परत लावून घेतलं, खोकं मांडीवर ओढलं आणि एक टिचकी मारली.

"आवाज गोड हाये याचा," ते म्हणाले.

"मामाजी, आता नका," रमाकांतराव कळवळले.

पण पुंजाजी देऊळघाटच्या भजनात जन्मभर ढोलकी वाजवत आलेले. बोटं एकदा सुरू झाली की थांबायची नाहीत. आधी हळू, रबराच्या कडेला. मग तळहाताने मधोमध. मग पुन्हा इतकं हळू, की कान द्यावा लागला. स्वरदाचे खांदे हलायचे थांबले. तिने मान वळवली, नाक पुसलं.

"आबाजी, ते हळूवालं परत वाजवा बरं."

पुंजाजींनी वाजवलं. ती उठून आली आणि त्यांच्या बोटांकडे बघत बसली. "बाकीचं सारं टॅबवर तयारच हाये," ती स्वतःशीच म्हणाली. "फक्त ढोलकीच मेलेली होती." तिने टॅबवरची ढोलकी बंद केली, बाकीचं संगीत सुरू केलं आणि खोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. जेवणं होईपर्यंत आजोबा-नातीने घर डोक्यावर घेतलं होतं, आणि त्या रात्री घरात खोक्याला कोणीही खोकं म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर टॅब मांडला होता, शेजारी सोळा पॅडचं चकचकीत यंत्र आणि त्याला चिकटवलेला माइक. स्वरदाने सुरुवात हळू केली. पोरं गप्प झाली. मग तिने हात मोकळा सोडला आणि मागच्या बाकांवरचे उठून नाचायला लागले. संपलं तेव्हा 'वन्स मोअर' झाला, आणि वन्स मोअर संपल्यावर गॅदरिंगचे सर स्वतः घाम पुसत रमाकांतरावांपाशी आले.

"याले म्हणतात जीव. इतकी नॅचरल ढोलकी मी मशीनमधून कधी ऐकली नाही. कोणत्या कंपनीचं हाये हे?"

कालचा रमाकांत इथे खरं बोलला असता. पण काल काल होता. रमाकांतरावांनी छाती पुढे काढली. "कंपनीवर काही नसते सर. दुकानात सारे सारखेच दिसतात. वाजवून घेता आलं पायजे."

"पुढच्या महिन्यात कॉलेजसाठी घ्याचं हाये. तुम्ही याल का संगं?"

"येईन की," रमाकांतराव म्हणाले.

दुपारी घरी सगळे जेवायला बसले तेव्हा हरिओमशेठचा फोन आला. शोकेसमधला पीस पुसायला घेतला तर तो जड लागला, आणि वायर जोडून पाहिली तर दिवे लागले, असं ते घाबरून सांगत होते. साहेबांचा खरा पीस दुकानात आहे, कंपनीने दाखवायला दिलेलं रिकामं खोकं घेऊन या आणि बदलून न्या. "खरा आणा पप्पा, पण खोकं देऊ नका," स्वरदा पोळी तोडत म्हणाली. "ते माझं हाये."

झालं. रमाकांतरावांनी फोन ठेवला तो विजयी वीराच्या थाटात. "ऐकलं का? दोन्ही ठेवून राह्यली पोरगी. अन् दोन्ही कोणं निवडले? ओळख ना पाळख, कॉलेजच्या सरानं मले पुढच्या खरेदीले बोलावलं. मशीन काय सारेच विकत घेतात, पण त्यातला आवाज ओळखाले कान लागते. काय मामाजी?"

"हाव, ते तर हायेच," पुंजाजी म्हणाले.

प्रेमलाबाईंनी वडिलांच्या ताटात भाजी वाढली आणि मानेनेच नवऱ्याकडे दाखवलं. "बाबा, तुम्ही यायलेबी असंच वाजवून घेतलं होतं ना?"

"हाव," पुंजाजींचा चेहरा उजळला. "पाठीवर अशी थाप मारली. काय आवाज घुमला होता पोरी, अजूनही कानात हाये."

रमाकांतराव ताठ बसून, हसतमुखाने, दोघांकडे आळीपाळीने बघत होते. प्रेमलाबाईंनी भाजीचं पातेलं खाली ठेवलं आणि शिलाई मशीनवर पडलेल्या पेचकसाकडे एकवार पाहिलं.

"तव्हाच मागचे पेच काढून पाह्याचे होते, बाबा."