कर्दळीचं न्हाणं

खण्णकन तांब्या पडला आणि दुपारची सगळी शांतता न्हाणीच्या फरशीवर सांडली.

"आई, आज तिसऱ्यांदा न्हाऊन राह्यली मी," पाच वर्षांची सुली कुडकुडण्याचं सोंग करत म्हणाली. "मी मळली बी नाही!"

"गप्प बस. पाठ कर इकडं."

अन्नपूर्णेने तिच्या डोक्यावर अर्धा तांब्या ओतला आणि भिंतीच्या भोकातून पाणी नीट बाहेर गेलं का, ते वाकून पाहिलं. बाहेर सांडपाण्यावर कर्दळ उभी होती.

साखरखेर्ड्याच्या माहेराहून अन्नपूर्णेने तिचा गड्डा पदराखाली झाकून चिखलीला आणला होता. नवरा माणिकराव खामगावच्या एका तेलगिरणीत कारकून. तिथे चौघांत एक खोली; बायकोपोर ठेवणार कुठे? मागच्या खेपेला एस.टी.त चढता चढता ते म्हणाले होते, "कर्दळ फुलली की कार्ड टाक. पाह्यले येतो." माणसं एस.टी.त चढताना काहीही बोलतात. अन्नपूर्णेने मात्र ते बोलणं जपून ठेवलं. पत्ता घातलेलं कार्ड देवाच्या फोटोमागे तयार होतं. मजकूर तेवढा फुलायचा राहिला होता.

दांडा आला, कळी आली आणि नेमक्या वैशाखात विहिरी तळाला गेल्या. कर्दळ ही भरल्या घराची जात. दहा माणसं न्हाली की आपोआप माजते. एका बाईच्या आणि एका पोरीच्या अंघोळीवर तिचं भागेना. पानांच्या कडा करपू लागल्या. बरं, घागरीतलं चांगलं पाणी झाडाला घालावं, तर गल्लीने तोंडात शेण घातलं असतं. नवं राज्य होऊन वर्ष झालं तरी गल्लीत नळ काही आला नव्हता. पाणी आधी माणसाच्या अंगावरून जायचं, मग झाडाला. आणि अन्नपूर्णेकडे अंगं दोनच. त्यातलं एक लहान.

"काऊन वं अन्नपूर्णे," शेजारच्या वच्छलाबाईंनी कुडावरून मान काढली, "पोरीले कितीक न्हाऊ घालून राह्यली? इथं प्याले पानी नाही!"

फुलासाठी, असं सांगायची लाज वाटली. नवऱ्यासाठी, असं सांगायची त्याहून जास्त.

"घामोळ्या उठल्या हो मावशी."

वच्छलाबाई मायाळू. तासाभरात त्यांनी कडुलिंबाचा भारा आणून टाकला. "याचा पाला टाकून न्हाऊ घाल बरं." म्हणजे खोट्याचा मान राखायला चौथी अंघोळ आली. आता, पोराला कडुलिंबाच्या पाण्याने कधी न्हाऊ घालतात, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. अंगावरची माता, म्हणजे देवी, उतरली की. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं: अन्नपूर्णेच्या पोरीला माता निघाली!

दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना तिला कुणी हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या बनाबाईंनी लांबूनच विचारलं, "घरात फोडनी तं नाही ना देत? मातेले चालत नाही वं!"

"अहो, घामोळ्या आहेत त्या!"

"हाव, हाव. नाव घेऊच नये. घामोळ्याच म्हनाव."

गल्ली अशी तुटली. कर्दळ मात्र रोजच्या चार अंघोळींवर टवटवली; कळीच्या टोकाला लाल रेघ दिसू लागली. बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून अन्नपूर्णा तिच्याशीच बोले.

शुक्रवारी भरदुपारी दार धडधडलं. उघडून पाहते तो माणिकराव! टोपी हातात, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. वच्छलाबाईंचा भाऊ सरकीची गाडी घेऊन खामगावला गेला होता. सरकीबरोबर बातमीही गिरणीत उतरली होती.

"सुली कुठाय?"

सुली न्हाणीतून निथळत आली. अंगावर एक पुळी नाही. सबंध खामगावात शोधून सापडलं नसतं इतकं स्वच्छ पोर.

मग सगळं सांगावं लागलं. माणिकराव उंबऱ्यावरच बसले. आधी कपाळावर हात गेला, मग हसू फुटलं. "अन् मी शेटजीपुढं रडून सुट्टी घेतली! उन्हाळ्याची होती नव्हती तेवढी सगळी याच्यात गेली ना!"

"कळी तरी पाहता का?"

"पाहतो. अन् आलोच आहे तं तिले पाणीही पाजतो."

दोन दिवस ते न्हाणीत बसून मोठ्याने गात न्हाले. गडीमाणसाच्या अंघोळीचा आवाज गल्लीने ऐकला. अन्नपूर्णेने तर चूल विसरून ऐकला. रविवारी पहिल्या एस.टी.ने ते गेले. चढताना म्हणाले, "आता दिवाळीलेच जमंल."

सोमवारी सकाळी कर्दळ फुलली. लालभडक, ओल्या मातीवर, कुणाचं देणं नसल्यासारखी.

अन्नपूर्णेने फोटोमागचं कार्ड काढलं. पेन्सिल घेऊन दारात बसली. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि तिथेच अडली.

सुली फुलाशी उभी होती. बराच वेळ तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ती आली, स्वतःच फ्रॉकची गुंडी काढू लागली आणि म्हणाली, "आई, हे तं रोजच्या चार न्हाण्यांनी फुललं. मी आता कितीदा न्हायली म्हंजे बाबा येतील?"