भोइटेकाका परवानगी मागतात

तुम्ही एखाद्या दुकानातून चष्मा घेतलात, म्हणजे त्या दुकानदाराला सकाळी सातला तुमच्या घरात शिरायचा हक्क मिळतो का?

बडोद्याच्या मांजलपुरात मिळायचा. आमच्या सोसायटीसमोर भोइटेकाकांचं चष्म्याचं दुकान आहे. तिथे ज्याने फोन नंबर दिला तो जन्माचा अडकला. तोंडात ब्रश असताना फोन वाजणार आणि पलीकडून आवाज येणार, "भोइटे बोलतोय. डोळे काय म्हणतात?" डोळ्यांचं लगेच आटपायचं. मग गुडघे, मग सून, मग यंदाचा उंधियो. माझ्या आईचं दूध कितीदा उतू गेलं, पण फोन ठेवायची तिची हिंमत झाली नाही. त्या फोनांतून एकही चष्मा खपल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुढे हाताहातात मोबाइल आले. कर्ज आणि क्रेडिट कार्ड विकणारे लोकांना सुखाने जेवू देईनात, तेव्हा सरकारने नियम काढला: धंद्यासाठी ग्राहकांना फोन करणाऱ्याने नोंदणी करायची, आणि ज्याला फोन नको असेल त्याला करायचा नाही. बड्या कंपन्यांनी वकील लावले, नोंदणी केली आणि फोन चालूच ठेवले. नियम मनावर घेतला तो एकट्या भोइटेकाकांनी.

काकांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. काकांनी आयुष्यात काठीसुद्धा उचललेली नाही, पण 'हुकूम' म्हणताना त्यांची पाठ ताठ होते. लग्नातला कोट चढवून ते नोंदणीसाठी कचेरीत गेले. मला साक्षीदार म्हणून स्कूटरवर मागे बसवलं. कारकुनाने विचारलं, कंपनीत माणसं किती? काका म्हणाले, मी एकटा.

"तो घेर जाव ने, काका. तमने कोण पकडवानुं छे?"

"पकडायची बात नाही. हुकूम मोठ्यांना आहे आणि मला नाही, असं कुठे लिहिलंय ते दाखवा."

कारकून चहाला निघून गेला. मला काकांचं हसू आलं आणि कारकुनाचा संताप. ज्याला कायदा पाळायचाय त्याला घरी पाठवायचं आणि ज्याला वाकवायचाय त्याच्यासाठी खुर्ची पुसायची, ही आपली नवी उदार व्यवस्था.

नोंदणी झाली नाही. मग नियमाचा उरलेला अर्धा भाग तरी पाळायचा, म्हणून काका गोत्रीपासून समापर्यंत, शहरभर ग्राहकांच्या दारोदार फिरले. "मी फोन केलेला चालेल का? हो की नाही?" आता बडोद्यात तोंडावर नाही कोण म्हणतं? लोकांनी पाणी दिलं, शेव-चेवडा दिला आणि म्हटलं, "अरे काका, तमे तकलीफ ना लेता." काकांनी प्रत्येक 'तकलीफ' नकार म्हणून धरली. दुकानातला फोन गप्प झाला. सोसायटीने सुटकेचा निःश्वास टाकला.

दिवाळीत आईचा चष्मा आणायला गेलो. काकांचा मुलगा माधव बंगळूरला असतो. सहज विचारलं, माधवचा फोन झाला का?

काका पुसलेली काच पुन्हा पुसू लागले. "त्यालाही विचारलं होतं. म्हणाला, बाबा, मी कामात असतो, तुम्ही नका करू. मीच करत जाईन."

"मग केला त्याने?"

"करेल."

"अहो काका, मुलाला कसला नियम? तो काय तुमचा ग्राहक आहे?"

"आहे ना. त्याचा पहिला चष्मा मीच बनवलाय. दुसरीत होता." त्यांनी काच उजेडाकडे धरली. "नाकावर बसायचाच नाही. सारखा घसरायचा."

आईचा चष्मा त्यांनी माझ्या हातात ठेवला. डोळ्यांबद्दल काहीच विचारलं नाही.

बडोदेकरांनो, तुमच्यापैकी कोणी काकांना 'तकलीफ नको' म्हटलं असेल, तर दुकानात जा आणि सांगा, फोन करत जा. गोड बोलू नका, सरळ हो म्हणा. दुपारी गेलात तर बरं. तेव्हा ते एकटेच असतात.