मालकाचं थोडं सामान

घर भाड्याने द्यायचं तर ते आधी रिकामं करावं लागतं, ही गोष्ट सुधीर टिपणिसांना तत्त्वतः मान्य होती. ठाकुर्लीचा जुना दोन बेडरूमचा फ्लॅट एक तारखेला नव्या भाडेकरूंच्या ताब्यात द्यायचा होता. त्याच्या भाड्यातून डोंबिवलीच्या नव्या घराचा हप्ता जाणार, असा साधा सरळ बेत. भाडेकरू हातचे गेले, तर नवं घर विकायला काढावं लागणार होतं. आणि त्यांच्या पत्नी शुभदाताई तर त्या घरात अशा रमल्या होत्या, की हल्ली माहेरचंही नाव काढत नव्हत्या.

भाडेकरूही गुणी मिळाले होते. साईनाथ आणि ऐश्वर्या, नुकतंच लग्न झालेलं जोडपं, दोघंही ठाण्याला नोकरीला. एजंट मितेश छातीठोकपणे म्हणाला, "काका, अशी पार्टी शोधून सापडणार नाय. तुम्ही फक्त घर खाली करून द्या."

फक्त म्हणे! अहो, सुधीरराव सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. कचेरीत मोडकी खुर्चीसुद्धा कुणी उचलून बाहेर टाकत नाही. तिचं रीतसर निर्लेखन करावं लागतं. आधी समिती नेमायची, समितीने खुर्ची पाहायची, ती खरोखरच मोडली आहे असा एकमताने निर्वाळा द्यायचा, आणि मगच खुर्चीने जायचं. सुधीररावांच्या कारकिर्दीत एकही खुर्ची गेली नव्हती. घरालाही त्यांनी तीच पद्धत लावली. ते स्वतः अध्यक्ष, शुभदाताई सदस्य, आणि बेंगळुरूला असलेला मुलगा अद्वय फोनवरून निमंत्रित.

समितीपुढे पहिलं प्रकरण आलं ते टीव्हीच्या खोक्याचं, थर्माकोलसकट.

"हा टाकू या," शुभदाताई म्हणाल्या.

"वॉरंटीसाठी लागतो."

"अहो, टीव्ही विकून युगं लोटली!"

"टीव्ही विकला. खोका आपण विकलेला नाही," अध्यक्षांनी खुलासा केला आणि खोका राखून ठेवण्यात आला.

पण एकट्या अध्यक्षांना कशाला नावं ठेवायची? झाकण हरवलेले दोन कुकर पुढे आले, तेव्हा शुभदाताईंनीच ते पोटाशी धरले. "झाकणं सापडली तर मग कुकर कुठून आणायचे?" या प्रश्नावर कुकरही राखून ठेवण्यात आले. तीनचाकी सायकलीसाठी अद्वयला फोन लावला. "बाबा, फेका ना यार ती!" तो ओरडला. निमंत्रितांना मताधिकार नसतो, याची त्याला नम्रपणे जाणीव करून देण्यात आली.

राखून ठेवलेलं सगळं एका बेडरूममध्ये रचून तिला कुलूप घातलं. मितेश बघायला आला आणि डोकं खाजवायला लागला.

"काका, टू बीएचके बोललेलो मी पार्टीला."

"मग आता वन बीएचके सांग. मालकाचं थोडं सामान सगळीकडेच असतं रे."

बिचारा साईनाथ म्हणाला, "चालेल काका, आम्ही काय, दोघंच तर आहोत."

आणि इथेच माशी शिंकली. हाताशी कुलपाची खोली आहे म्हटल्यावर शुभदाताईंना डोंबिवलीचं घर उगाच भरलेलं वाटू लागलं. पाहुण्यांच्या गाद्या, सत्यनारायणाचा चौरंग, आकाशकंदील, एका लग्नात आलेली आणि दुसऱ्या लग्नात द्यायची भांडी, सगळं रिक्षात बसून ठाकुर्लीला गेलं. घर कसं छान मोकळं दिसायला लागलं! मोकळं दिसल्यावर सोफा डोळ्यांत खुपायला लागला. तोही गेला. दुसरी बेडरूम भरली, मग हॉल भरला.

"काका, आता याला काय बोलायचं?" मितेश रडकुंडीला आला. "किचन विथ गॅलरी?"

सुधीररावांनी करारात स्वतःच्या शब्दांत एक कलम घातलं. 'सदर जागेतील मालकाचे सामान हे मूळ रहिवासी समजण्यात यावे. भाडेकरूंनी त्याच्या शांततेचा भंग करू नये.'

एक तारीख उजाडली. खाली टेम्पो येऊन उभा राहिला. दार अर्धंच उघडत होतं, म्हणून ऐश्वर्या अंग चोरून आत शिरली आणि गाद्यांच्या थप्पीपाशी थांबली. पुढे वाटच नव्हती.

"काका, आम्ही राहायचं कुठे?"

"हे सगळं तात्पुरतं आहे."

"म्हणजे किती दिवस?"

"निर्लेखन होईपर्यंत."

"आणि ते कधी होणार?"

"समितीचं एकमत झालं, की लगेच."

खाली टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढेना. ऐश्वर्याचे डोळे भरून आले. साईनाथ हळूच म्हणाला, "राहू द्या काका. आम्ही दुसरीकडे बघतो." सुधीरराव बोटांवर मोजू लागले. भाडं गेलं, हप्ता गेला, घर गेलं!

"अगं, रडतेस काय अशी," शुभदाताई कळवळून म्हणाल्या. "आधी घरी चल, चहा घे. उपाशीपोटी का कुठे घर मिळतं?"

सगळे, मितेश आणि टेम्पोसकट, डोंबिवलीला आले. दार उघडलं आणि ऐश्वर्या उंबऱ्यातच थबकली. "अय्या, किती मोकळं!" ती या खोलीतून त्या खोलीत फिरली, कपाटं उघडून पाहिली. सगळी रिकामी. "काकू, असंच तर घर शोधत होतो आम्ही!"

मितेशच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मग लफडा काय आहे? करारात पत्ता बदलू ना! इथे तर भाडंपण जास्त येईल."

टेम्पो दारातच होता. चहा निवायच्या आत साईनाथचा फ्रिज स्वयंपाकघरात गेला. शुभदाताईंनी त्याच ओट्यावर कप विसळून ठेवले, भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि डोळे पुसत खाली उतरल्या. हप्त्याची सोय झाली, घर वाचलं. त्यात राहायचं तेवढं राहून गेलं.

सध्या टिपणीस पतिपत्नी ठाकुर्लीला, गॅलरी जोडलेल्या स्वयंपाकघरात, सुखाने नांदतात. सामान काढा म्हणून शुभदाताई रोज भांडतात आणि रोज हरतात, कारण समितीत एकमत लागतं. शेजारीपाजारी तोंडाला पदर लावून हसतात.

तुम्हीही हसत असाल. खुशाल हसा. हा दिवाळी अंक वाचून संपला, की तो कुठे ठेवणार आहात, तेवढं मात्र सांगा. मागच्या सगळ्या वर्षांचे आहेत, त्याच दिवाणात ना? मग जरा जपून कोंबा. त्याची फळी आताशा नीट बसत नाही.